खिडकी, पेटी आणि क्यूआर: दिल्लीतील तिकीटविक्रीच्या कामाचा आढावा

तिकीट विकण्यात चार कामे एकत्र येतात. तक्त्याप्रमाणे भाडे लावणे, रोख घेऊन तिचा हिशोब देणे, सवलतीचा हक्क तपासणे आणि जागा संपली की समोरच्याला नाही म्हणणे. ग्राहकाला यातली पहिली दोनच दिसतात. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद धरून राजधानी दिल्लीच्या परिसरात रेल्वेचा बुकिंग क्लार्क, डीटीसीचा कंडक्टर, मेट्रोच्या खिडकीवरचा कंत्राटी ऑपरेटर, परवानाधारक एजंट आणि कार्यक्रमांची तिकिटे विकणारी ॲप्स असे सगळे प्रकार नांदतात. गेल्या चाळीस वर्षांत ती चार कामे एकमेकांपासून सुटी होत गेली. भाडे लावणे यंत्राकडे गेले, रोखीचा मोठा हिस्सा मोबाइलकडे, नाही म्हणण्याचा अधिकार सर्व्हरकडे. जबाबदारी मात्र बऱ्याच अंशी अजूनही खिडकीतल्या किंवा बसमधल्या माणसावरच आहे. या क्षेत्रातल्या बहुतेक वादांचे मूळ इथे सापडते.

पुठ्ठ्याच्या तिकिटापासून २००२ पर्यंत

रेल्वेचे पुठ्ठ्याचे छोटे तिकीट ही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या थॉमस एडमंडसनची पद्धत. भारतात ती संगणक येईपर्यंत आणि अनेक ठिकाणी त्यानंतरही टिकली. खिडकीमागे लाकडी कप्प्यांचे कपाट असे, प्रत्येक गंतव्य स्थानकासाठी वेगळा कप्पा आणि त्यात क्रमांकवार रचलेली तिकिटे. क्लार्क तिकीट ओढायचा, तारखेच्या यंत्रात खटकन दाबायचा आणि पुढे सरकवायचा. पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक कप्प्यातल्या पहिल्या तिकिटाचा क्रमांक वहीत लिहिला जाई, पाळी संपताना पुन्हा लिहिला जाई. दोहोंतला फरक म्हणजे विक्री, आणि तेवढी रोख गल्ल्यात असलीच पाहिजे. कामावर येताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत तेही नोंदवावे लागते, कारण तपासणीत गल्ल्यात जास्त सापडणेही कमी सापडण्याइतकेच संशयास्पद. छपाईचा क्रमांक हाच इथे पहारेकरी होता.

आरक्षणाची पद्धत वेगळी होती. गाडीगणिक जाडजूड रजिस्टर आणि त्या रजिस्टरची ठरलेली खिडकी, त्यामुळे चुकीच्या रांगेत तास घालवून परत फिरणे हा अनेकांचा अनुभव. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत सीएमसी या सरकारी संगणक कंपनीने तयार केलेली संगणकीय आरक्षण प्रणाली सुरू झाली आणि कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. रेल्वेची माहिती-प्रणाली संस्था ‘क्रिस’ १९८६ मध्ये दिल्लीतच उभी राहिली. १९९९ मध्ये देशभरातली आरक्षण केंद्रे एकमेकांना जोडली गेली. क्लार्कच्या हातातले एक जुने वजन मात्र तिथेच संपले: रजिस्टरमधली रिकामी बर्थ आता त्यालाही प्रवाशाइतकीच माहीत किंवा अज्ञात राहू लागली.

२००२ हे वर्ष या इतिहासात ठळक आहे. ३ ऑगस्टला रेल्वेच्या आयआरसीटीसी या कंपनीची ऑनलाइन तिकीटविक्री सुरू झाली. सुरुवातीला तिकीट कुरियरने घरी येई. त्याच महिन्यात दिल्ली परिसरातल्या काही स्थानकांवर अनारक्षित तिकिटांची संगणकीय विक्री सुरू झाली. २४ डिसेंबरला शाहदरा ते तीस हजारी मेट्रोचे उद्घाटन झाले आणि टोकन नावाची प्लास्टिकची चकती दिल्लीकरांच्या हाती आली. रेल्वेची आरक्षित तिकिटे आता ८० टक्क्यांहून अधिक ऑनलाइन विकली जातात. मेट्रोचे टोकनही गेले: २०२३ मध्ये कागदी आणि मोबाइलवरची क्यूआर तिकिटे आली.

बसमधला माणूस

दिल्लीच्या बसचा कारभार १९४८ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनीकडून काढून घेतला. पुढे प्राधिकरण, महापालिकेचा उपक्रम अशी वळणे घेत १९७१ मध्ये दिल्ली ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन (डीटीसी) झाले. १९९० च्या दशकात रेडलाइन आणि ब्लूलाइन या खासगी बस आल्या. तिथला कंडक्टर दारात लोंबकळत, बसचा पत्रा थापटत थांब्यांची नावे ओरडून प्रवासी गोळा करी. त्याचे काम विक्रेत्याचे कमी आणि हाकाऱ्याचे जास्त होते. या बस २०१० नंतर टप्प्याटप्प्याने हटल्या.

बेस्ट किंवा एसटीने प्रवास करणाऱ्या मराठी माणसाला डीटीसीच्या बसमध्ये एक गोष्ट लगेच खटकते. कंडक्टर गर्दीतून फिरत नाही. मागच्या दाराजवळच्या ठरलेल्या जागेवर तो बसून असतो आणि प्रवासी त्याच्याकडे जातात, किंवा पैसे हातोहात मागे पाठवतात आणि तिकीट तसेच परत येते. यावरून त्याला आळशी ठरवणे सोपे आहे. पण या बैठकीचा कायदेशीर परिणाम महत्त्वाचा. तिकीट न घेता उतरलेल्या प्रवाशाचा दोष कोणाचा, हा प्रश्न फिरत्या वाहकाच्या बाबतीत एका तऱ्हेने आणि बसलेल्या कंडक्टरच्या बाबतीत दुसऱ्या तऱ्हेने सुटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ मध्ये दोघांचीही सोय आहे: विनातिकीट प्रवासी दंडास पात्र, आणि तिकीट न देणारा कंडक्टरही.

पुरावा किती हवा?

तिकीट विकणाऱ्यावरचा सर्वांत जुना आरोप म्हणजे पैसे घेतले आणि तिकीट दिले नाही. यावर भारतीय न्यायालयांत इतकी प्रकरणे गेली आहेत की शिस्तभंगाच्या कायद्याचा एक भाग बस कंडक्टरांनीच घडवला असे म्हणता येईल.

पायाभूत निकाल दिल्लीच्या शेजारचा आहे. हरियाणा रोडवेजच्या एका बसवर भरारी पथकाने अचानक तपासणी केली. पैसे दिले पण तिकीट मिळाले नाही असे अकरा प्रवासी आढळल्याचे पथकाचे म्हणणे होते. प्रवासी लेखी जबाब द्यायला तयार झाले नाहीत. बसमधल्या सहवाहकाने कंडक्टरची बाजू घेतली. तरीही नोकरी गेली. खालच्या न्यायालयांनी प्रवाशांची साक्ष नाही म्हणून बडतर्फी रद्द केली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्रात, ती पुन्हा ग्राह्य धरली. खातेनिहाय चौकशीला फौजदारी खटल्याचे पुराव्याचे नियम लागू नाहीत. काहीतरी विश्वसनीय पुरावा असला की पुरे, तो पुरेसा आहे का हे न्यायालय तोलणार नाही, असे त्याचे सार. महामंडळे आजही या निकालावर विसंबतात. त्यांचा युक्तिवाद असा की प्रवासी पुढच्या थांब्यावर उतरून जातो, त्याला साक्षीला आणण्याची अट घातली तर कोणताही गैरव्यवहार सिद्ध होणार नाही.

दुसरी बाजू २००८ च्या मोनी शंकर प्रकरणात दिसते. रेल्वेच्या एका बुकिंग कर्मचाऱ्याची बनावट प्रवासी पाठवून परीक्षा घेतली गेली आणि किरकोळ रक्कम जादा घेतल्याचा आरोप झाला. अशा सापळ्याच्या वेळी स्वतंत्र साक्षीदार ठेवण्याचे मार्गदर्शन रेल्वेच्याच दक्षता पुस्तिकेत आहे. ते पाळले गेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही मार्गदर्शक तत्त्वे कायद्यासारखी बंधनकारक नसली तरी ती सर्रास धाब्यावर बसवणे आणि चौकशीतले इतर दोष यांचा एकत्रित परिणाम पाहावा लागेल. कर्मचारी सुटला. दोन्ही निकाल आज एकाच वेळी लागू आहेत, त्यामुळे कोणते प्रकरण कोणत्या बाजूला झुकेल हे चौकशीची कागदपत्रे किती नीट आहेत यावर ठरते.

दिल्लीच्या कंडक्टरांनी या कायद्यात आणखी एक भर घातली. डीटीसीला लागू असलेल्या १९५२ च्या नियमावलीतल्या ९(ब) या नियमानुसार महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन कायम कर्मचाऱ्यालाही कारण न सांगता काढता येई. डीटीसीने असे काढलेल्यांत एक कंडक्टर होता. प्रकरण घटनापीठापर्यंत गेले आणि १९९० मध्ये हा नियम बहुमताने घटनाबाह्य ठरला. भारतातल्या सरकारी उपक्रमांतल्या नोकरीच्या सुरक्षिततेची चर्चा आजही या निकालापासून सुरू होते.

इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्रे आल्याने हा वाद मिटेल अशी अपेक्षा होती. यंत्र वेळ, थांबा आणि रक्कम नोंदवते, त्यामुळे वापरलेले तिकीट पुन्हा विकण्यासारख्या जुन्या युक्त्या गेल्या. पण न दिलेले तिकीट यंत्रातही दिसत नाही. भरारी पथकाची गरज म्हणूनच उरली आहे.

कायम, कंत्राटी आणि कमिशनवरचा

रेल्वेत कमर्शियल-कम-तिकीट क्लार्क हे पद बारावी उत्तीर्णांसाठी आहे आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचा मूळ पगार २१,७०० रुपयांपासून सुरू होतो. त्याची ओढ किती हे २०१९ च्या भरतीत दिसले. हे पद ज्यात होते त्या बिगर-तांत्रिक संवर्गाच्या सुमारे ३५ हजार जागांसाठी सव्वा कोटी अर्ज आले, आणि निकालाच्या पद्धतीवरून जानेवारी २०२२ मध्ये बिहार-उत्तर प्रदेशात तरुण रुळांवर उतरले. उत्तर दिल्लीतल्या मुखर्जीनगरच्या शिकवण्या अशा परीक्षांवर चालतात.

हेच काम मेट्रोत दुसऱ्या अटींवर होते. दिल्ली मेट्रोने तिकीट खिडक्यांवरचे ऑपरेटर मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांमार्फत घेतले. स्थानकातला ग्राहक सेवेचा कर्मचारी मेट्रोचा आणि शेजारच्या खिडकीवर नोटा मोजणारा ऑपरेटर कंत्राटदाराचा, अशी रचना रूढ झाली. व्यवस्थापनांची बाजू अशी की खिडकीची गरज घटत जाणार हे उघड असताना तिच्यासाठी आयुष्यभराच्या नोकऱ्या देणे सार्वजनिक पैशाचा अपव्यय ठरेल. मोबाइलवरच्या तिकिटांनी हा अंदाज बराच खरा ठरवला आहे. कामगार संघटना म्हणतात की गल्ल्यातली तूट ऑपरेटरच्या खिशातून भरून घेतली जाते आणि कंत्राट बदलले की त्याच माणसाला नव्याने नोकरी मागावी लागते. दिल्ली-मेरठ नमो भारत गाड्यांच्या बाबतीत तर चालवणे आणि देखभाल हे सगळेच बारा वर्षांच्या कराराने डॉइचे बानच्या भारतीय कंपनीकडे आहे, म्हणजे तिकीटविक्री हा सेवेच्या कंत्राटातला एक उपभाग झाला.

कायद्याने या प्रश्नाचे अर्धेच उत्तर दिले आहे. २००१ मध्ये स्टील ॲथॉरिटी प्रकरणात घटनापीठाने ठरवले की कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून कामगार आपोआप मूळ संस्थेचा कर्मचारी होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत संस्थेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार घेण्यास मनाई आहे, पण जे काम सामान्यतः कंत्राटदाराकडूनच करून घेण्याची रीत आहे त्याला सूट आहे. प्रवासी वाहतूक करणाऱ्या संस्थेसाठी तिकीट विकणे हे मुख्य काम आहे का? शब्दशः पाहिले तर भाडे घेतल्याशिवाय वाहतुकीचा धंदाच नाही. पण रीत कंत्राटाची झाली आहे हेही तितकेच खरे, आणि ती संस्थांनीच पाडलेली आहे.

डीटीसीतही कंत्राटी कंडक्टरांची संख्या मोठी आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये किमान वेतनवाढीचा आदेश उच्च न्यायालयात रद्द झाल्यावर मजुरी कमी करण्यात आली तेव्हा त्यांनी संप केला होता. समान कामाला समान वेतनाचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात हंगामी कर्मचाऱ्यांना लागू केले आहे. महामंडळांच्या रोजंदारी कंडक्टरपर्यंत ते कितपत पोहोचते, यावर दावे चालू राहतात.

तिसरा वर्ग कमिशनवरचा. यात अनारक्षित तिकिटे विकणारे जनसाधारण तिकीट बुकिंग सेवक, स्वयंचलित यंत्राशेजारी उभे राहून बटणे दाबून देणारे निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि आयआरसीटीसीचे एजंट येतात. यंत्र स्वयंचलित आणि त्याच्या शेजारी माणूस, ही व्यवस्था परक्याला विचित्र वाटेल, पण नवी दिल्ली किंवा आनंदविहारला पूर्वांचलच्या गाड्यांच्या वेळी ती पाहिली की तिचे कारण समजते.

दलाल कोण?

रेल्वे कायदा, १९८९ चे कलम १४३ परवान्याशिवाय तिकिटे मिळवून देण्याच्या धंद्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठरवते. हे कलम खिडकीपुढच्या रांगा आणि नवी दिल्ली स्थानकासमोरच्या पहाडगंजच्या गल्ल्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. तिथे आजही ‘टुरिस्ट ऑफिस’ची पाटी लावून परदेशी प्रवाशाला स्थानकातल्या अधिकृत पर्यटक केंद्रापासून दूर नेणारे सापडतात. वैयक्तिक खात्यावरून दुसऱ्यांसाठी ऑनलाइन तिकिटे काढणाराही या कलमात येतो का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने येतो असे सांगितले.

जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी आली आणि पहिली तीस मिनिटे अधिकृत एजंटांनाही बंद झाली. रेल्वेच्या मते यामुळे सॉफ्टवेअर वापरून काही सेकंदांत बर्थ उचलणाऱ्यांना आळा बसतो. एजंटांचा आक्षेप असा की परवाना घेऊन, ठरलेले कमिशन घेऊन काम करणाऱ्यालाच बाहेर ठेवले. आणि ज्याच्याकडे आधारशी जोडलेला मोबाइल किंवा ते करण्याची सवय नाही, असा दिल्लीतला स्थलांतरित मजूर एजंटकडेच जात होता. त्याला खिडकीची रांग उरते. ती रांग आता लहान आहे की खिडक्या कमी झाल्याने तशीच लांब, हे स्थानकागणिक बदलते.

सेवाशुल्काचा मुद्दा याला जोडूनच येतो. खिडकीवर न लागणारे सुविधा शुल्क ऑनलाइन लागते. नोटाबंदीनंतर ते माफ झाले आणि सप्टेंबर २०१९ पासून परत आले: वातानुकूलित नसलेल्या वर्गाला १५ आणि वातानुकूलित वर्गाला ३० रुपये, यूपीआयने दिल्यास १० आणि २०. हे उत्पन्न किती मोलाचे आहे ते २०२१ च्या ऑक्टोबरअखेर कळले. त्यातला निम्मा वाटा रेल्वेला द्यावा असे पत्र २८ तारखेला निघाले, दुसऱ्या दिवशी आयआरसीटीसीचा शेअर कोसळला आणि त्याच दिवशी निर्णय मागे घेण्यात आला. महाराष्ट्रात चित्रपटगृहांच्या ऑनलाइन शुल्कावर बंदी घालणारे शासन आदेश २०१३-१४ मध्ये निघाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते जुलै २०२५ मध्ये रद्द केले.

खेळ, मेळे आणि मैफली

कार्यक्रमांच्या तिकिटांत दिल्लीचे वैशिष्ट्य म्हणजे सरकारी प्रसंगांची विक्री. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची २० आणि १०० रुपयांची तिकिटे दरवर्षी जानेवारीत ठरावीक सरकारी इमारतींतल्या खिडक्यांवर ओळखपत्र पाहून विकली जातात. अलीकडे ‘आमंत्रण’ या संकेतस्थळावरही मिळतात. प्रगती मैदानावरच्या नोव्हेंबरच्या व्यापार मेळ्याची तिकिटे मेट्रो स्थानकांवर मिळतात. मैदानाच्या दारावरची झुंबड टाळण्यासाठी केलेली ही सोय, पण त्यामुळे मेट्रोच्या खिडकीवरच्या ऑपरेटरला प्रवासाबरोबर मेळ्याचाही हिशोब ठेवावा लागतो.

चित्रपटगृहांच्या बाबतीत वळण साकेतच्या पीव्हीआर अनुपमने १९९७ मध्ये दिले. देशातल्या या पहिल्या मल्टिप्लेक्सनंतर एकपडदा गृहांच्या जाळीदार खिडक्या आणि त्यांच्याबाहेर ‘दस का बीस’ पुटपुटणारे ब्लॅकवाले हळूहळू ओसरले. काळा बाजार मात्र दुसऱ्या रूपात परतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झालेल्या गायक दिलजित दोसांझच्या मैफलींची तिकिटे विक्री सुरू होताच काही मिनिटांत संपली आणि कित्येक पट दराने इतरत्र दिसू लागली. त्या मैफलींच्या आदल्या दिवशी सक्तवसुली संचालनालयाने या आणि कोल्डप्लेच्या तिकिटांच्या काळाबाजारप्रकरणी दिल्लीसह पाच राज्यांत छापे घातले. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. मुंबई उच्च न्यायालयाने अशीच याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळताना सांगितले की कायदा करणे विधिमंडळाचे काम आहे.

इथे मते तीन दिशांना जातात. पुनर्विक्रीची किंमत छापील दरावर बांधावी असे ग्राहकांच्या बाजूचे म्हणणे. आयोजकांना तिकिटावर नाव आणि ओळखपत्र हवे, पण प्रवेशद्वारी तासाला हजारो ओळखपत्रे तपासायला माणसे लागतात आणि तो खर्च तिकिटावरच चढतो. घेतलेले तिकीट ही मालकाची वस्तू आहे, जायला जमले नाही तर ती विकू दिलीच पाहिजे, असे तिसरे मत. पहिल्या दोन मतांत या तिसऱ्याला समाधानकारक उत्तर मिळत नाही.

मोफत तिकीट आणि भरलेली गाडी

भाऊबीजेला, २९ ऑक्टोबर २०१९ रोजी, दिल्लीच्या बसमध्ये महिलांचा प्रवास मोफत झाला. कंडक्टर गुलाबी तिकीट देऊ लागला आणि प्रत्येक तिकिटामागे सरकार महामंडळाला १० रुपये देऊ लागले. म्हणजे पैसे न घेता दिलेल्या तिकिटाचाही हिशोब आला, आणि जुन्या आरोपाची दिशा उलटली: पूर्वी तिकीट न फाडल्याचा संशय असे, आता नको तितकी फाडल्याचा. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे; तिथे रोख हातात येत असल्याने नोंद खोटी करणे तितके सोपे नाही. दिल्ली सरकारने गुलाबी तिकिटाऐवजी ओळखीशी जोडलेले स्मार्ट कार्ड २०२५ मध्ये जाहीर केले. मोजणी अचूक होईल ही त्याची बाजू. कार्ड दिल्लीच्या रहिवाशांपुरते असल्याने गाझियाबाद-नोएडाहून रोज येणाऱ्या घरकामगार स्त्रियांचे काय, हा त्यावरचा आक्षेप. पात्रता तपासण्याचे काम त्यामुळे कंडक्टरच्या नजरेकडून कार्डाकडे जाते.

बस कंडक्टरशिवाय चालवता येईल का, हा प्रश्न मुंबईने आधी विचारला आणि बेस्टच्या काही मार्गांवर उत्तर होकारार्थी दिले. दिल्लीत ‘चार्टर’ हे मोबाइल तिकिटाचे ॲप २०२० मध्ये आयआयआयटी-दिल्लीच्या साहाय्याने आले. पण रोखीने पाच-दहा रुपये देणारा प्रवासी जोवर आहे तोवर सुट्या पैशांसाठी माणूस लागतो. साध्या बसचे ५, १० आणि १५ रुपये हे दर २००९ पासून बदललेले नाहीत, आणि एवढ्या लहान रकमेसाठी तिकीट यंत्राचा आणि कंडक्टरचा खर्च परवडतो का हा हिशोबही या चर्चेत येतो.

सर्वांत अवघड प्रश्न चौथ्या कामाचा, नाही म्हणण्याचा. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री महाकुंभाच्या गर्दीत नवी दिल्ली स्थानकावर चेंगराचेंगरीत १८ जणांचा मृत्यू झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यानंतरच्या याचिकेत रेल्वेला विचारले की रेल्वे कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे डब्यातील प्रवाशांची कमाल संख्या ठरलेली असताना त्याहून जास्त तिकिटे का विकली जातात. त्या कलमाची अंमलबजावणी आरक्षित डब्यांत प्रणाली आपोआप करते. साधारण तिकिटाचे स्वरूप मात्र वेगळे आहे. त्यावर गाडीचा क्रमांक नसतो. दोनशे किलोमीटरच्या आतल्या अंतरासाठी ते घेतल्यापासून तीन तासांत प्रवास सुरू करायचा असतो, दूरच्या प्रवासासाठी तीन दिवस आधी घेता येते. कोणता प्रवासी कोणत्या गाडीत चढणार हे खिडकीवरच्या क्लार्कला, यंत्राला आणि क्रिसच्या सर्व्हरलाही माहीत नसते. मर्यादा पाळायची तर साधारण तिकीट विशिष्ट गाडीशी बांधावे लागेल, आणि तसे केले तर आयत्या वेळी स्थानकावर येऊन मिळेल त्या गाडीने गावी जाणाऱ्याची सोय जाते. दुर्घटनेनंतर रेल्वेने गर्दीच्या स्थानकांवर प्रवेश नियंत्रित करणे आणि प्रवाशांना बाहेर थांबवण्याच्या जागा बांधणे हा मार्ग धरला. नवी दिल्लीत अजमेरी दरवाजाच्या बाजूला तिकीट खिडक्यांसह असे थांबा-केंद्र उभारले. यात विक्री थांबत नाही, फक्त फलाटाकडे जाणारी वाट थांबते.